उरलेल्या पट्ट्या

आज बोटीच्या तळाशी सापडली एक.
वल्ह्याखाली, माशाच्या खवल्यांत अडकलेली,
काडेपेटीतल्या काडीहून आखूड,
टोकाशी वाळलेला तपकिरी डाग.
औलिक्की, तुला जाऊन आठ महिने झाले
आणि तू अजून जिकडंतिकडं सांडलेली आहेस.

कोटाच्या अस्तरात तीन निघाल्या.
वॉशिंग मशीनच्या जाळीत एक, धुऊन धुऊन कोरी झालेली.
बटाट्याच्या वाफ्यातून एक फावड्यानं वर आली,
मातीनं तिला काहीच केलं नव्हतं.
आणि पक्ष्यांच्या पुस्तकात, राजहंसाच्या पानावर, खूण म्हणून.
ती मी हलवली नाही.

यावरूनच तर आपली भांडणं व्हायची.
"डबा चार पावलांवर आहे," मी म्हणायचो.
"चार पावलांवर तूही आहेस," तू म्हणायचीस
आणि वापरलेली पट्टी माझ्या बशीच्या कडेला ठेवून द्यायचीस.

अठ्ठावीस वर्षं घरातला पहिला आवाज: टिच्.
कॉफीच्या आधी, रेडिओवरच्या हवामानाच्याही आधी.
पहिलं यंत्र पंचेचाळीस सेकंद घ्यायचं,
तेवढा वेळ तू पडद्याकडं बघायचीस, मी तुझ्याकडं.
मग तीस झाले, मग पाच.
यंत्रं सुधारत गेली
आणि माझ्या वाट्याचं बघणं कमी होत गेलं.
"सहा पॉइंट दोन!" तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस,
जसं काही मीच विचारलं होतं.
मी म्हणायचो, बरं.

त्या मार्चमध्ये, लेंटुआच्या बर्फावर,
भोकात गळ सोडून बसलो होतो आपण.
तुझे हात थरथरायला लागले,
थंडीनं की साखर उतरल्यानं, कळेना.
यंत्र काही सांगेना, तेच गारठलेलं.
तू ते कोटाच्या आत काखेत धरून बसलीस,
कोंबडीनं अंडं उबवावं तशी.
मी थांबलो नाही. थर्मासमागचे साखरेचे खडे
तुझ्या तोंडात कोंबले, तीन, मग आणखी दोन.
"मोजू तरी द्यायचं होतंस," खडे चावत तू चिडलीस.
तुझ्या चिडण्यावरून मला कळलं
आकडा वर येतोय.

परवा नर्स हिल्क्काबाईंकडं खोकं परत न्यायला गेलो.
उघडलेलं घेत नाहीत म्हणाल्या.
बरणीवर तारीख आहे, पुढच्या ऑगस्टची,
तिथपर्यंत चालतात.
सतरा उरल्यात.

रात्री यंत्राची जुनी आठवण चाळली, वहीशेजारी ठेवून.
वहीत पेन्सिलनं, तुझ्या शाळामास्तरणीच्या अक्षरात,
रविवार: सात पॉइंट एक.
यंत्रात तोच रविवार: बारा पॉइंट आठ.
त्याच्या आधीचाही. त्याच्याही आधीचा.
म्हणजे वेलदोड्याचा पाव.
म्हणजे मी होडीघरात गेल्यावर,
उभ्या उभ्या, खिडकीपाशी, लोणी लावून.
मी किती वेळ हसलो, माहीत नाही.
मग भांडायला उठलो
आणि भांडायला कोणी नव्हतं.

आज सकाळी ते टोचायचं पेन घेतलं.
टिच्.
जाळी ओढून ओढून माझ्या बोटांचं कातडं झालंय,
रक्त येईचना. एक पट्टी वाया.
दुसऱ्यांदा करंगळीच्या कडेला टोचलं, तू टोचायचीस तिथं,
टोकाला नाही, टोकं विणायला लागतात.
थेंब आला. पट्टीनं तो स्वतःच ओढून घेतला.
पाच, चार, तीन, दोन.

पाच पॉइंट चार.
कोणाला सांगण्यासारखं नाही. माणूस ठीक आहे इतकंच.
तरी मी सांगितलं, मोठ्यानं,
स्वयंपाकघरातून खोलीच्या दिशेनं.
रेडिओ म्हणाला, वायव्येकडून वारा, दुपारनंतर हिमवर्षाव.

डबा चार पावलांवर होता.
मी पट्टी जमिनीवर टाकली.